जुलैत गणपती कुठून आले?

नमस्कार ताई,

तुमची कमेंट मंगळवारी रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी डोकंच सटकलं. उत्तर पण टाइप केलं होतं, चांगलं सावजी रश्श्यासारखं झणझणीत. मग डिलीट केलं, कारण तुमचा शेवटचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की 1999 मध्ये पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं लेटर हातात होतं, 1 जुलैला जॉइन व्हायचं होतं, पण बाबांना अटॅक आला, घरी गणपती बसलेले अन् बाबा आयसीयूत, म्हणून मी नागपूर सोडलं नाही आणि आज पन्नाशीत त्याचं काही वाईट वाटत नाही. त्यावर ताईंचं म्हणणं की ही कोल्ह्याची द्राक्षं आहेत, भित्रेपणाला त्यागाची शाल पांघरली आहे, बायकोचं काय हुकलं त्याचा एक शब्द नाही. आणि खाली एका ओळीत, "जुलैत गणपती कुठून आले?"

आता बघा, ही गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगून राहिलो. लग्नाकार्यात, ऑफिसात, सासरी तर दर दिवाळीला. एकालाही हे खटकलं नाही, मला पण नाही.

बुधवारी दिवाण उघडून जुनी फाईल काढली. कंपनीचं लेटर 7 जूनचं. बाबांचं डिस्चार्ज कार्ड 24 सप्टेंबरचं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता म्हणून गणपती लांबले, 13 सप्टेंबरला बसले, आणि अटॅक आला तो त्यानंतर. म्हणजे मी नाही म्हटलं त्याला तेव्हा अडीच महिने होऊन गेले होते आणि जूनमध्ये बाबा ठणठणीत, कारगिलच्या बातम्या पाहत टीव्हीवर ओरडत होते.

त्याच फाईलमध्ये महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट सापडलं, नागपूर ते पुणे, स्लीपर, 28 जून. शाई फिकी झाली आहे पण वाचता येते. मी ते कॅन्सल पण केलं नव्हतं. आणि मग आठवलं, अगदी स्वच्छ आठवलं, की गाडी सुटली तेव्हा मी फुटाळा तलावावर होतो. नुकताच पाऊस पडून गेलेला, कठड्यावर बसून भुट्टा खात होतो, लिंबू-तिखट लावलेला, आणि घड्याळ पाहत होतो. गाडी गेली असेल आता असं वाटलं तेव्हा दुसरा भुट्टा घेतला.

तर भित्रेपणा. ताई, मान्य.

फक्त कशाला भ्यालो ते सांगतो. वायटूकेचा जमाना होता, जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले, 2000 लागलं की 00 चा गोंधळ होणार म्हणून कोबोल थोडंफार येणारा पोरगा पण उचलून नेत होते. मला वाटायचं, हे काम तर डिसेंबरात संपेल, मग आपल्याला कोण विचारतं. आणि दुसरी भीती इतकी फालतू आहे की आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. आमचं ते "करून राहिलो, जाऊन राहिलो" ऐकून पुण्यात लोक हसतील.

द्राक्षांचं पण मान्य. डॉट कॉमचा फुगा फुटल्यावर 2001 मध्ये आमच्यातला एक जण नोकरी जाऊन परत आला, त्याचं उदाहरण मी दर वेळी देतो. बाकी सात जण गेले ते तिकडेच राहिले अन् त्यांचं छान चाललंय, ते मी सांगत नाही. समृद्धी महामार्गाचं पण तुमचं बरोबर, तो पुण्याला जात नाही, 701 किलोमीटर पुरे झाले तरी मुंबईकडेच जातो. "तेव्हा समृद्धी असता तर" हे वाक्य पोस्टमधून काढलं आहे. (रस्ता असता तरी मी भुट्टाच खाल्ला असता.)

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "हे विचारायला तुम्हाला कमेंट यावी लागली का?" नंतर बराच वेळ बोलली, पण हे ब्लॉगवर टाकायचं नाही अशी तंबी आहे.

एक मात्र पटलं नाही. तुम्ही म्हणता, पन्नाशीत आता हे उगाळून काय उपयोग, वेळ गेली. माझी तर गेलीच. पण माझ्या पोरीला पुण्याची ऑफर आली आहे. तीन आठवडे झाले, ती म्हणून राहिली की पप्पा, इथेच मिहानमध्ये बघते, टीसीएस, इन्फोसिस सगळेच तर आहेत, तुमचं बीपी पण असं वरखाली. मी मनातून खूश होतो हो. काऊन असं म्हणते हे विचारलंच नाही. लहानपणापासून तिने आजोबांच्या अटॅकची अन् बापाच्या त्यागाची गोष्टच ऐकली, तर दुसरं काय म्हणेल!

काल रात्री जेवणं झाल्यावर तिच्यासमोर तिन्ही कागद ठेवले, लेटर, तिकीट, डिस्चार्ज कार्ड. तिने आधी तारखा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडेल. तिकीट उलटसुलट करत म्हणाली, "पप्पा, कॅन्सल तरी करायचं होतं ना, पैसे मिळाले असते." आणि फाईल घेऊन खोलीत गेली. अजून परत दिलेली नाही. कंपनीला उत्तर द्यायला तिच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.