रविवारी दुकानं बंद ठेवणारी गिरणी

पोलंडमधल्या वूच (Łódź) शहराला मी मुद्दाम रविवारी गेले. पोलंडमध्ये रविवारी मॉलमधली दुकानं बंद असतात, त्यामुळे इथली एक मैत्रीण म्हणालीही, "शनिवारी जा की, रविवारी काय बघणार?" मला नेमकं तेच बघायचं होतं. एक जुनी कापडगिरणी, तिचा झालेला मॉल, आणि त्या मॉलच्या दुकानांना रविवारची सुट्टी. मुंबईच्या गिरणगावात, लालबागमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार मोठी वाटते. पोस्ट लांब आहे, पण सवडीने वाचा.

वॉर्साहून ट्रेनने दीडेक तासात वूच येतं. हे शहरच मुळी कापडावर उभं राहिलेलं. स्टेशनवरून ट्रामने ओग्रोदोवा रस्त्यावर उतरलं की समोर लाल विटांची भिंत, घड्याळ असलेली कमान, आणि आत पसरलेली इझराएल पोझनान्स्कीची गिरणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ती वाढवत नेली, सुरुवातीचे यंत्रमाग इंग्लंडहून आणवले. कमानीला लागूनच मालकाचा राजवाडा आहे, आता त्यात शहराचं संग्रहालय आहे. रस्त्याच्या पलीकडे कामगारांच्या राहण्याच्या तशाच लाल विटांच्या लांबलचक इमारती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, संडास अंगणात. भाषा, हवा, माणसं सगळं वेगळं, तरी त्या इमारतींसमोर मी बराच वेळ उभी राहिले. मालक, गिरणी आणि चाळ एका नजरेत मावतील एवढ्या जवळ.

२००६ मध्ये या गिरणीचं 'मानुफाक्तुरा' झालं. सूतकताईची पाच मजली इमारत आता हॉटेल आहे; तिच्या छपरावर आग विझवण्यासाठी पाण्याची टाकी असायची, तिथे आता पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव आहे. एका विणकाम शेडमध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. दुकानांसाठी मात्र नवीन लांबलचक इमारत बांधली आहे आणि मध्ये मोठा चौक ठेवला आहे. रविवार असूनही चौक भरलेला होता. कारंज्यात पोरं भिजत होती, म्हातारी जोडपी बाकांवर बसली होती, खाण्याच्या जागा, सिनेमा, संग्रहालयं चालू होती. दुकानांच्या काचांमागे तेवढा अंधार होता.

रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा हा कायदा मार्च २०१८ पासून आला. टप्प्याटप्प्याने बंद रविवार वाढवत नेले आणि २०२० पासून वर्षातले मोजके रविवार सोडले तर बाकी सगळे बंद. मागणी सॉलिडॅरिटी युनियनने लावून धरली होती, दुकानात काम करणाऱ्यांना घरच्यांबरोबर एक दिवस मिळावा म्हणून. छोट्या दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहणार असेल तर त्याला उघडता येतं, नोकराला मात्र उभं करता येत नाही. इथे यावरून भरपूर भांडणं होतात. धंदा बुडतो, लोकांची गैरसोय होते, पळवाटा काढल्या जातात, हे सगळं मी ऐकलं आहे. तरीही मी या कायद्याच्या बाजूची आहे, का ते पुढे सांगते.

आधी संग्रहालयाबद्दल. याच आवारात गिरणीचं एक छोटं संग्रहालय आहे आणि त्यात जुने माग नुसते मांडून ठेवलेले नाहीत, चालवून दाखवतात. तिथल्या माणसाने एक माग सुरू केला. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा तुकडा, इकडून तिकडे जायला लागला, फणी आपटायला लागली आणि दोन मिनिटांत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. एका मागाचा एवढा आवाज! आपल्या गिरण्यांत मागाला साचा म्हणत; साचेखात्यात असे शेकडो एकदम चालायचे. माझे वडील त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत होते, काका साचेखात्यात. दोघंही घरात मोठ्याने बोलायचे आणि बोलताना हात हलवायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही माणसं सारखी रागावलेलीच असतात. खात्यात बोलणं हातवाऱ्यांवरच चालायचं, हे आईने आम्हाला फार उशिरा सांगितलं.

मी त्या मागाचा व्हिडिओ काकांना पाठवला. १९८२ च्या गिरणी संपानंतर काका गावी गेले ते तिथेच राहिले. दहा मिनिटांत त्यांचा व्हॉइस मेसेज आला. कुठे आहेस, कशी आहेस, काही नाही. "पिकर सैल झालाय त्याचा. आवाज ऐक नीट. तसाच चालवला तर धोटा बाहेर उडेल, कोणाच्या तरी डोळ्याला लागेल. सांग त्यांना." पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा भाग. इतकी वर्षं झाली सुटून, पण कान अजून साच्यावर आहे. मी तिथल्या माणसाला खरंच सांगितलं. त्याने माग बंद करून हात घालून बघितलं आणि मान डोलावली. दुसऱ्या मेसेजमध्ये काकांनी विचारलं होतं, "तिथे साचे बाया चालवायच्या काय?"

हो काका, तिथे साचे बाया चालवायच्या. आपल्याकडे साचे पुरुषांच्या हातात होते, बायका वाइंडिंग आणि रिळिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामांना. वूचमध्ये बहुतेक सगळी गिरणी बायकांच्या जिवावर चालायची. आणि त्या बायकांनी जे केलं, ते आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

डिसेंबर १९७० मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव एकदम वाढवले. समुद्रकाठच्या शहरांत गोदी कामगार रस्त्यावर उतरले, सरकारने गोळ्या घातल्या, चाळीसहून अधिक माणसं मेली. पक्षाचा नेता बदलला, पण भाव काही उतरले नाहीत. मग १० फेब्रुवारी १९७१ ला वूचमधल्या गिरण्यांत संप सुरू झाला. त्याची सुरुवात झालेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे हीच गिरणी. तेव्हा ती सरकारी मालकीची होती, नाव मार्खलेव्स्की. बायकांनी साचे बंद केले आणि खात्यातच बसून राहिल्या. पंतप्रधान यारोशेविच यांना स्वतः वूचला येऊन त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं. १५ फेब्रुवारीला सरकारने भाववाढ मागे घेतल्याचं जाहीर केलं. गोदी कामगारांचं रक्त सांडूनही जे झालं नव्हतं, ते या बायकांनी पाच दिवसांत करून दाखवलं.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. माझी आजी त्यात होती. वूचच्या बायकांना लाटणे मोर्चा ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि आजीला वूच हे नावही माहीत नव्हतं. भाव मात्र दोघींच्याही चुलीपर्यंत पोचले होते.

१९८९ नंतर पोलंडची व्यवस्था बदलली, सोव्हिएत बाजारपेठ गेली आणि वूचच्या गिरण्या एकामागून एक बसल्या. हजारो बायका एका दशकात घरी. खाणकामगारांना पुढे मोठ्या भरपाया मिळाल्या, गिरणीतल्या बायकांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. तेव्हा पोलंडमध्ये सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही. मॉलमध्ये फिरणाऱ्या माणसाला १९७१ ची गोष्ट सहज दिसेल अशी मध्यभागी असायला हवी होती. ती शोधावी लागते. ते मला खटकलं.

आता आपल्याकडे येते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. जमिनींचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश भाग शहराला, एक तृतीयांश म्हाडाला मिळणार होता. २००१ मध्ये 'जागा' म्हणजे फक्त मोकळी जागा असं ठरलं आणि वाटा आक्रसला. कामगार अजून घरासाठी अर्ज हातात धरून आहेत आणि त्यांना मुंबईबाहेरची शेलू-वांगणी दाखवली जातेय. यावर खूप लिहिलं गेलंय, मी वेगळं काही सांगत नाही. मला बोलायचंय ते आज त्या जागांवर जे काम करतात त्यांच्याबद्दल.

या देशातल्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली ती मुंबईच्या गिरणी कामगारांमुळे, नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बायका बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. महालक्ष्मीपासून लोअर परळचे मॉल चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, तिची चिमणी अजून उभी आहे, तिच्याखाली रविवारी पाय ठेवायला जागा नसते. ज्या मातीवर रविवारची सुट्टी मागितली गेली, तिथेच आज एवढी माणसं रविवारी राबतात.

आमच्या चाळीतल्या एका मुलीचं सांगते. ती एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. तिचे आजोबा गिरणीत होते. हिला सुट्टी मंगळवारी, नवऱ्याला रविवारी, मुलाच्या शाळेलाही रविवारी. तिघं एकत्र जेवायला बसतात ते रात्री साडेदहाला. सेलच्या दिवसांत सुट्टी पुढे ढकलतात. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. पायाच्या शिरा सुजल्यात, वय एकतीस. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. केरळच्या कायद्यामागे तिथल्या साडीच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांचा लढा होता.

महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहू देतो, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची. सुट्टी मिळते, पण ती कोणत्या वारी, हे मालक ठरवतो. आणि वार महत्त्वाचा असतो. लोखंड्यांनी सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मागितली होती, आणि सभा, कीर्तन, भजन, नातेवाइकांकडे जाणं, मंडळाचं काम, युनियनची बैठक, हे सगळं माणसं एकाच वेळी मोकळी असतील तरच होतं. दुकानातल्या दहाजणांना सात वेगवेगळ्या वारी सुट्टी दिली की ते कधीच एकत्र बसत नाहीत. १९७१ च्या बायका एका खात्यात, एका पाळीत होत्या, म्हणून एकमेकींकडे बघून साचे बंद करू शकल्या.

मुंबईतले मॉल दर रविवारी बंद करा असं मी म्हणत नाही. रविवारी घराबाहेर पडायला मोकळी जागाच नसलेल्या शहरात लोक मॉलमध्ये जातात, हे मलाही कळतं, मीही जाते. पण गिरणीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या मॉलना तरी दोन अटी घालता येतील. महिन्यातला एक ठरलेला रविवार दुकानं बंद. चौक, सिनेमा, खाणं चालू राहू दे, मानुफाक्तुरामध्ये राहतंच. आणि प्रत्येक दुकानात कामगाराला बसायला स्टूल. गिरणीच्या जमिनीवर बांधकामाला परवानगी देतानाच शहराने एवढं मागायला हवं होतं. अजूनही मागता येईल.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचतोय. तिथे चालता साचा हवा, आणि तो चालवायला साचेखात्यातून निवृत्त झालेली माणसं पगार देऊन बोलवावीत. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, वेळ फार नाही.

तुमच्या घरातलं, शेजारचं कोणी मॉलमध्ये कामाला असेल तर खाली लिहा: सुट्टी कोणत्या वारी मिळते, तो वार कोण ठरवतं, आणि दुकानात बसायला जागा आहे का. दुकानाचं किंवा माणसाचं नाव नको, त्याची नोकरी जायला नको. आलेलं सगळं एकत्र करून कामगार आयुक्तांना देण्याची तयारी आम्ही काही जणींनी केली आहे.