मेंढपाळाने कोकराचा पाय कधी मोडला होता?

खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन होऊन जेमतेम आठ दिवस झालेल्या माझ्या मावशीने परवा मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, "देवानंच मोडलं असेल का गं हे हाड?" आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. बायबल नीट कळायचे तर त्या काळच्या चालीरीती माहीत हव्यात, असे सांगून त्यात चार रीती दिल्या आहेत. पहिली अशी की प्राचीन इस्राएलातील मेंढपाळ सारख्या भटकणाऱ्या कोकराचा पाय मुद्दाम मोडत, तो सांधेपर्यंत त्याला खांद्यावर वाहत आणि मग ते जन्मभर त्यांना बिलगून राही. खाली तात्पर्य म्हणून 'तुमचे दुखणे हाच तो मोडलेला पाय' असेही लिहिले आहे.

बायबलातील लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधतो, आनंदाने खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावतो. खांदा आहे, आनंद आहे, पाय मोडणे कुठेही नाही. लेवीय 22:22 प्रमाणे हाड मोडलेले जनावर परमेश्वराला अर्पण करता येत नसे, आणि उत्पत्तीच्या 31व्या अध्यायात सासऱ्याची मेंढरे राखणारा याकोब त्या सासऱ्याला, लाबानाला, ठणकावतो की वन्य पशूंनी फाडलेल्या जनावरांचे नुकसानही मी स्वतः सोसले. जिथे लांडग्याने केलेली हानीही मेंढक्याच्या अंगावर येई, तिथे तो आपल्याच हाताने जनावर लंगडे कशाला करील? शिवाय कळप रोज चालतो. पावसाळा सरल्यावर कोकणाकडे उतरणारे आपले धनगर चालू न शकणारी नवी कोकरे घोड्यावर लादून नेतात. महिनाभर खांद्यावर वाहायचे ओझे मुद्दाम तयार करण्याची कल्पना त्यांना सांगून पाहा.

सगळ्यात संतापजनक म्हणजे हा संदेश शास्त्राच्या नेमका उलट जातो. यहेज्केलच्या 34व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलाच्या मेंढपाळांवर आरोपच ठेवतो की मोडलेल्याला तुम्ही पट्टी बांधली नाही, आणि 16व्या वचनात म्हणतो की ते काम आता मी स्वतः करीन. 51व्या स्तोत्रात 'तू मोडलेली हाडे' असे शब्द आहेत, हे मान्य करायला हवे. पण ते दाविदाचे पापकबुलीचे काव्य आहे आणि त्यात ना मेंढपाळ आहे, ना कोकरू. मावशीला मी यहेज्केलचा तो अध्याय वाचून दाखवला. पण हा संदेश ज्यांच्याकडे दवाखान्यातल्या खाटेवर पोहोचला असेल, अशा बाकीच्यांचे काय?

दुसरी रीत येशूच्या रिकाम्या कबरेतल्या रुमालाची. यजमान जेवणानंतर रुमाल घडी करून ठेवी तेव्हा 'मी परत येतोय' असा अर्थ होई, म्हणून योहान 20:7 मधला रुमाल ही पुनरागमनाची खूण, असा दावा आहे. जेवताना हात पुसायचे फडके यहुद्यांत होते, एवढे खरे. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात, बराखोत या प्रकरणात, ते फडके मेजावर ठेवायचे की गादीवर यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन यहुदी गुरूंच्या शिष्यांचा चक्क वाद आहे, पण तो शुद्ध-अशुद्धतेचा आहे. घडीचा आणि परत येण्याचा तिथे मागमूस नाही. शिवाय योहानाने वापरलेला ग्रीक शब्द तोंड पुसायच्या, घामाच्या रुमालाचा आहे. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजाराच्या चेहऱ्याला गुंडाळलेले फडके आणि लूकच्या दृष्टान्तात दासाने मोहर बांधून ठेवलेले फडके, दोन्हींसाठी तोच शब्द येतो. त्याच्यापुढचे क्रियापदही गुंडाळण्याचे आहे. मत्तय आणि लूक ते येशूचे शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळताना वापरतात.

यरुशलेमच्या मंदिरातला महायाजक परमपवित्र स्थानात मेला तर बाहेर ओढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधत, ही तिसरी गोष्ट मंदिर पडल्यानंतर बाराशेक वर्षांनी, 13व्या शतकात स्पेनमध्ये प्रसृत झालेल्या जोहार या यहुदी गूढवादी ग्रंथात सापडते. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी पायरी-पायरीने सांगणाऱ्या मिश्नाला ती ठाऊक नाही.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणतो. त्याचा अर्थ लावायला संदेशात चौथे सांगितले आहे ते यरुशलेमचे 'सुईचे नाक' नावाचे बुटके दार, ज्यातून उंट ओझे उतरवून गुडघ्यांवर सरकत जाई. असे दार तिथे कोणत्याही उत्खननात मिळालेले नाही. बाबेलच्या तल्मूदात, म्हणजे मिश्नावरील यहुदी चर्चांच्या संग्रहात, अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो, म्हणजे बोलण्याची ही तऱ्हा त्या भागातलीच. दार नुसते बुटके असते, तर शिष्य थक्क होऊन "मग तारण कोणाचे होणार?" असे विचारते ना, आणि माणसांना हे अशक्य आहे असे उत्तर येशूने दिले नसते.