ड्रायव्हरचा इथे संबंधच काय?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण दिसला की जो तो एकच सांगतो: ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. बटण दाबलं की उत्तर येतं, सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. अरे, मग ते उपकरण चालत का नाही? त्या बटणाला उपकरणाची तपासणी करताच येत नाही. जुळणारा याहून चांगला ड्रायव्हर सापडला नाही, एवढाच त्या उत्तराचा अर्थ. तो सरळ शब्दांत लिहायला काय जातं विंडोजवाल्यांचं?

उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडल्या की एररचा कोड दिसतो. सगळ्यात डोकं फिरवतो तो कोड 43. ‘उपकरणाने अडचणी कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं आहे.’ कुठल्या अडचणी? त्याबद्दल एक अक्षर नाही. यूएसबीच्या बाबतीत नावाच्या जागी बऱ्याचदा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं येतं आणि खरं निदान तिथेच असतं. उपकरण जोडल्याबरोबर कॉम्प्युटर त्याच्याकडे 18 बाइटची ओळख मागतो. कंपनीचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक त्यातच असतो आणि त्यावरूनच ड्रायव्हर निवडला जातो. ही ओळखच आली नाही, म्हणजे ड्रायव्हर निवडण्यापर्यंत गाडी पोचलीच नाही. तरी लोक तासन्‌तास ड्रायव्हर शोधत बसतात, कारण त्यांना तसंच सांगितलं जातं. याचा मनस्वी संताप येतो.

इथे आधी केबल बदला. मग कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट आणि हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) सोडून मागे थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टांची वायर आतून मदरबोर्डपर्यंत जाते आणि तिचा जोड ढिला असला तरी हीच एरर येते. विजेचंही बघा: यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. पोर्टेबल हार्ड डिस्क सुरू होताना जास्त ओढते. बिनअ‍ॅडॉप्टरच्या हबवर ती, वेबकॅम आणि कीबोर्ड एकत्र लावले तर डिस्क मध्येच गायब होणारच. आणि फोन चार्ज होतोय पण कॉम्प्युटर साधा आवाजही करत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्येही काही येत नाही, तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते. साध्या यूएसबी केबलमध्ये लाल-काळी वायर विजेची, पांढरी-हिरवी डेटाची. काही स्वस्त केबलमध्ये शेवटच्या दोन नसतातच, आणि वरून बघून ते ओळखू येत नाही.

दुसरा सल्ला, ‘बंद करून चालू करा’. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं आणि या सल्ल्यातला जीवच गेला. शट डाउन केलं तरी कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि चालू केल्यावर तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला. खरी नवी सुरुवात हवी तर रीस्टार्ट करा, नाहीतर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. हे त्या मेनूतच लिहून ठेवता आलं असतं.

ड्रायव्हर खरंच हवा असतो तो कोड 28 ला, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नसतो तेव्हा. तिथे उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅब उघडून हार्डवेअर आयडी वाचा. ‘व्हेन’ (VEN) नंतर कंपनीचा क्रमांक असतो: 8086 असेल तर इंटेल, 10डीई म्हणजे एनव्हिडिया, 1002 म्हणजे एएमडी, 10ईसी म्हणजे रिअलटेक. मग मॉडेल क्रमांक घेऊन लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर जायचं. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी ती फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून लावू नका. चालणाऱ्या साउंड कार्डवर भलताच ड्रायव्हर चढवतात आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतात. चीड येते अक्षरशः.

कोड 10 ला ‘उपकरण सुरू होऊ शकत नाही’ एवढंच लिहून येतं, तेव्हा इव्हेंट्स टॅब बघा, थोडं जास्त कळतं. कोड 45 म्हणजे उपकरण जोडलेलंच नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आणि शेवटी सगळं थकलं की येतो तो ‘फॉरमॅट मारा’. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. यूएसबी उपकरण असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एलएसयूएसबी (lsusb) कमांड द्या, ती जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवते. यादीत उपकरण दिसलं आणि चाललं, तर दोष विंडोजच्या बाजूला आहे. केबल आणि पोर्ट बदलूनही तिथे दिसत नसेल तर उपकरणच गेलंय. मग कोणाचे फोटो, कोणाची कागदपत्रं पुसून फॉरमॅट कशासाठी मारायला लावता?