नकाशा दिसला की मला झोप येते

परवा रात्री एक जाडजूड फँटसी उघडली, नाव मुद्दाम सांगत नाही कारण दोष पुस्तकाचा कमी आणि माझ्या वयाचा जास्त असू शकेल. तर आधी नकाशा, मग दुसरा नकाशा (राजधानीचा, तटबंदीसकट), मग घराण्यांची यादी, मग जादूच्या प्रकारांचा तक्ता आणि मग कुठे प्रकरण पहिलं, ज्यात एक मुलगा पाऊस बघत उभा. चाळीस पानं नेटाने वाचली. कुठल्या घराण्याचं कुठल्या घराण्याशी दोनशे वर्षांपूर्वी काय बिनसलं ते मला आता पाठ आहे, त्या मुलाला पावसात उभं राहून हवंय काय ते मात्र कळलं नाही. पुस्तक अजून उशाशी आहे. चष्मा ठेवायला बरं पडतं.

जाडीबद्दल माझी तक्रार नाहीये हां. मी पण रात्र रात्र जागून हजार पानी पुस्तकं संपवलीत आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनसाहेबांच्या पुढच्या भागाची वाट बघणाऱ्या त्या अभागी लोकांत मीही आहे, याआधीचा भाग आला २०११ ला, तेव्हा माझ्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. तक्रार आहे ती समजावून सांगण्याबद्दल. हल्ली लेखक जग उभं करतो आणि मग आपला हात धरून त्या जगातून फिरवतो, ही बघा भिंत, ही का बांधली, कोणी बांधली, हिच्यातली जादू कुठून येते, किती वेळ टिकते. अहो, मला जरा एकटीला हिंडू द्या ना.

यावर फॅन मंडळी लगेच सँडरसनचा नियम काढतात. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाने २००७ मध्ये एक लेख लिहिला होता, त्याचा मथितार्थ असा की लेखक जादू वापरून एखादी अडचण सोडवणार असेल तर ती जादू वाचकाला आधी जितकी नीट कळलेली असेल तितकी ती सोडवणूक पटते. मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. ऐनवेळी हिरोच्या बोटातून काहीतरी निळं निघालं आणि राक्षस मेला, असं कोणाला आवडेल. आणि माणूस लोकप्रिय किती, तर २०२२ मध्ये त्याने गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या साइटवर लोकांनी ४ कोटी १७ लाख डॉलर जमवून दिले, म्हणजे मी इथे कितीही कुरकुर केली तरी त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. पण तो नियम अडचण सोडवण्याबद्दल आहे. सगळ्या गोष्टी अडचण सोडवायला लिहिलेल्या नसतात, हे त्याच्या मागून आलेले बरेच जण विसरलेत असं मला वाटतं. तक्ता आधी बनवतात आणि मग तक्त्यात बसेल अशी माणसं शोधतात.

आता मला काय आवडतं ते सांगते. केन लिऊची 'द पेपर मेनॅजरी' ही २०११ ची छोटीशी कथा. (पुढे थोडं फुटणार आहे, वाचली नसेल तर हा पॅरा सोडा.) ह्युगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे विज्ञानकथा-फँटसीतले तिन्ही मोठे पुरस्कार मिळवणारी पहिली कथा, पण ते जाऊ दे. आई गिफ्टच्या कागदाचे प्राणी घडी घालून बनवते, त्यात फुंकर मारते आणि ते जिवंत होतात. बस. का होतात, कुठली शक्ती, रोज किती फुंकरा मारता येतात, एक अक्षर नाही. पण नियम नाहीत असं म्हणाल तर ते कडक आहेत! कागदाची म्हैस सोया सॉसच्या बशीत डुंबायला उतरते, सॉस पायांतून वर चढतो, पाय लिबलिबीत होतात आणि ती टेबलावरच कोसळते. उन्हात वाळवतात पण पाय वाकडे ते वाकडेच, मग लंगडत फिरते बिचारी. शेवटी आई तिच्या पायांना प्लास्टिकचा पापुद्रा गुंडाळून देते. मुलाला शार्क हवा असतो, कागदाचा शार्क पाण्यात विरघळायला लागतो, मग आई चांदीच्या कागदाचा करते. झालं की, आख्खी मॅजिक सिस्टीम कळली तुम्हाला! जादू कितीही खरी असली तरी कागद तो कागदच, भिजतो, फाटतो, चुरगळतो. आणि हे आपल्याला एका लंगड्या म्हशीने शिकवलेलं असतं, म्हणून पुढे जेव्हा तो मुलगा मोठा होतो, त्याला आईची लाज वाटायला लागते आणि तो हे सगळे प्राणी खोक्यात भरून टाकतो, तेव्हा आपल्याला कोणी काही सांगावं लागत नाही. खोक्यात कागदाचं काय होतं ते आपल्याला माहीत असतं. मी ही कथा तीनदा वाचलीय आणि तिन्ही वेळा त्या म्हशीपाशीच माझा घसा दाटून आलाय, शेवटाला नाही.

हे फक्त लघुकथेत जमतं असं आधी वाटायचं मला. ह्युगोवाले साडेसात हजार शब्दांच्या आतल्याला लघुकथा म्हणतात, तेवढ्यात तक्ते मांडायला जागाच नसते ना, मग आपोआप लेखक शहाणा होतो. पण मग सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' वाचली (२०२० ची, पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळालं तिला). एक माणूस एका अफाट घरात राहतो, दालनांमागून दालनं, पुतळेच पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, आणि हा भरती-ओहोटीची वेळापत्रकं लिहितो, मासे पकडतो, आणि घरात ज्यांची हाडं पडलीयत त्या मेलेल्यांची प्रेमाने देखभाल करतो, त्यांना खाणंपिणं आणि पाण्यातली कमळं नेऊन देतो. त्यातल्या एकाची हाडं बिस्किटाच्या डब्यात आहेत, म्हणून हा त्याला 'बिस्किटाच्या डब्याचा माणूस' म्हणतो, अगदी आदराने. मी तिथे थांबले. अरे, या घरात बिस्किटाचा डबा आला कुठून?? संगमरवरी पुतळे आणि समुद्र यांच्यात कारखान्यात बनलेला डबा! त्याला त्याचं काहीच वाटत नाही, तो शांतपणे पुढच्या हाडांकडे जातो, आणि आपल्याला मात्र खुर्चीत धड बसवत नाही. क्लार्कबाईंनी त्या डब्याकडे बोटसुद्धा दाखवलेलं नाही. यांचीच पहिली कादंबरी, २००४ ची, चांगली विटेएवढी आहे, तळटीपा खच्चून भरलेल्या, म्हणजे त्यांना समजावून सांगता येत नाही असं नाही, दुसऱ्या वेळी त्यांनी ते केलं नाही एवढंच. मध्ये सोळा वर्षं गेली.

माझंच म्हणणं खोडून काढणारं एक पुस्तक पण आहे, ते सांगायलाच हवं. रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप', २०२४, गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा ह्युगो त्यालाच. एका अधिकाऱ्याच्या अंगातून झाड उगवून तो मेलाय, आणि खून कोणी केला ते शोधायचंय. यात झाडांचे, औषधांचे, समुद्रातून येणाऱ्या महाकाय जनावरांचे ढीगभर नियम सांगितलेत आणि मला एकदाही झोप आली नाही! विचार करत बसले का ते. तर तपासणाऱ्याला ते नियम हवे असतात, प्रत्येक माहिती म्हणजे एक धागा, त्यामुळे आपणही हपापल्यासारखे ऐकतो. त्यातला मदतनीस, डिन, त्याचं डोकं बदलून त्याला सगळं लक्षात राहील असं केलंय, पण आठवणी परत काढायच्या तर त्याला वासाच्या कुप्या हुंगाव्या लागतात, जागा पाहताना जो वास घेतला तोच पुन्हा घ्यायचा. किती साधं, किती खरं! कुठला तरी जुना वास आला की आपलं नाही का सगळं एका क्षणात वर येत. तर ठीक आहे, समजावून सांगा, पण कोणाला तरी त्या माहितीची गरज असू द्या.

रोमँटसीबद्दल, म्हणजे प्रेमकथा अधिक फँटसी, दोन वाक्यं, कारण त्यावरून इनबॉक्समध्ये भांडण झालंय. रेबेका यारोसची ड्रॅगनवाली तिन्ही पुस्तकं, २०२३ च्या मे पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत धडाधड आली, आणि पहिलं मी दोन रात्रीत फस्त केलंय, नाकं मुरडणाऱ्यांनी आधी तेवढं पकडून ठेवणारं एक पान लिहून दाखवावं. तिसऱ्यात माझा दम संपला. असो.

आणि ते 'कोझी' प्रकरण, म्हणजे उबदार, निवांत फँटसी, एका ऑर्क (राक्षसासारख्या जमातीतल्या) बाईने तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान काढलं ती कादंबरीही वाचली, ट्रॅव्हिस बाल्ड्रीची, छान आहे, आजारी असताना वाचावी.

श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखरची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३, नेब्युला मिळालं) मात्र मी लोकांच्या मागे लागून वाचायला लावतेय. पहिल्याच वाक्यात आई नुकत्याच जन्मलेल्या बाळाची सावली पितळी खिळ्याने जमिनीत ठोकते आणि ओरबाडून काढते. मुलाला वाढवलंय बापाला मारायला, बाप म्हणजे एका पंथाचा मोठा संत. आणि हा मुलगा मोठा होऊन शहरात येतो आणि चक्क एका सपोर्ट ग्रुपमध्ये जाऊन बसतो, ज्यांची कुठल्या ना कुठल्या भविष्यवाणीत निवड होता होता राहिली त्यांचा ग्रुप! मला इतकं हसू आलं. पण खरी गंमत पुढे. मुलाचं नाव फेटर, म्हणजे बेडी. अर्धं पुस्तक झाल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजली, घर सोडून गेलेला बाप, संत, आणि बेडी नावाचा मुलगा... राहुल! बुद्धाच्या मुलाच्या नावाचा परंपरेने हाच अर्थ सांगतात, बंधन. पुस्तक हे कुठेही फोड करून सांगत नाही, ज्याला दिसलं त्याला दिसलं. मधला भाग लांबलाय, तुरुंगाच्या आसपास मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं, तरीही.

लघुकथा कुठे वाचतेस असं बरेच जण विचारतात. क्लार्क्सवर्ल्ड, अनकॅनी, बिनीथ सीसलेस स्काइज ही इंग्रजी मासिकं, सगळी ऑनलाइन आहेत, फुकट वाचता येतात, आणि फुकट आहेत म्हणूनच जमेल तेव्हा पैसे भरा असं मी म्हणेन, कारण त्यांची अवस्था नाजूक आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्डकडे एआयने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की संपादकांनी कथा घेणंच बंद केलं, नंतर परत सुरू केलं म्हणा. त्याच वर्षी अॅमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली, तो दुसरा दणका. आणि तरी त्याच क्लार्क्सवर्ल्डमध्ये पुढच्या फेब्रुवारीत इझाबेल किमची ती ओमेलासवाली कथा आली. उर्सुला ली ग्विनची मूळ कथा १९७३ ची, ओमेलास नावाचं सगळं शहर सुखी, अट एकच, तळघरात एक मूल कायम हाल सोसत राहणार, आणि ज्यांना हे सहन होत नाही ते शहर सोडून जातात. ही अट कोणी घातली, मूल सोडवलं तर नेमकं कशामुळे सुख संपेल, ली ग्विन काही सांगत नाही. किम म्हणते बरं, सोडून कशाला जायचं, मूलच मारून टाकलं तर? मारतात. मग शहर दुसरं मूल ठेवतं. सोशल मीडियावरच्या वादावादीच्या सुरात लिहिलेली आहे कथा, हसत हसत वाचली आणि संपल्यावर फोन पालथा ठेवला.

आता राहिलं आर. एफ. क्वांगचं 'बेबेल', २०२२ चं. याच्यावर मी रागावलेली आहे आणि तरी ते डोक्यातून जात नाही. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, आणि जादू अशी की चांदीच्या पट्टीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याचा प्रतिशब्द, आणि दोन्ही भाषा येणाऱ्याने ते म्हटले की भाषांतरात जो अर्थ सांडतो ना तो खरा होतो. सुरुवातीलाच 'ट्रिएकल' हा जुना फ्रेंच शब्द आहे, म्हणजे विषावरचा उतारा, इंग्रजीत येता येता तो नुसता गोड पाक होऊन बसला, आणि त्या सांडलेल्या अर्थाने मरणाच्या दारातला मुलगा वाचतो. यापेक्षा सुंदर जादू मी गेल्या दहा वर्षांत वाचलेली नाही. राग कशाचा, तर साम्राज्यवाद वाईट होता हे पात्र बोलतं, मग निवेदक बोलतो आणि मग तळटीप बोलते. बाई, आम्हाला सांगताय?

पण त्या पट्टीने माझी झोप उडवली ती उडवलीच. पुस्तक बाजूला ठेवून मी रात्री दीड वाजेपर्यंत आपले शब्द जुळवत बसले होते. एका बाजूला 'ओशाळणे', दुसऱ्या बाजूला 'एम्बॅरस', काय होईल? बहुतेक समोरचा माणूस खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागेल. 'जिव्हाळा' आणि 'अफेक्शन', थंडीत खिशात ठेवायला बरी. मग 'हुरहूर' आणि 'अँक्झायटी'. इथे मात्र अडकले, कारण हुरहूर मध्ये भीती नाहीच, कोणीतरी निघून गेलंय किंवा यायचंय आणि दिवेलागणीची वेळ झालीय, असलं काहीतरी आहे, ते सगळं अँक्झायटीच्या बाहेर सांडतं. ती पट्टी हातात धरून दोन्ही शब्द म्हटले तर खोलीत काय होईल? माझा अंदाज, उजेड थोडा कमी होईल. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आणि अजून जोड्या सुचल्या तर त्याही, माझ्याकडे आत्तापर्यंत अकरा झाल्यात.