सोड्याच्या पाण्याने पेशीची मोटर बंद पडत नाही

माझ्या मावशीची केमो चालू आहे. तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘पुढची केमो थांबवून हे करून बघू का रे?’ म्हणून हे लिहितोय. फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर पेशीविभाजनाच्या मोटर प्रथिनाचा ‘स्विच’ शोधला, त्यावर फॉस्फेट चिकटलं की मोटर बंद. खायचा सोडा घातलेलं लिंबूपाणी उपाशीपोटी घेतलं की फॉस्फेट चिकटतं आणि कॅन्सर केमोशिवाय जातो. औषध कंपन्या हे दाबून ठेवतात.

आधी सोडाच घेऊ, कारण जिवावर बेतणारं तेच आहे. खायच्या सोड्यात फॉस्फरसचा कणही नसतो. लिंबात पडला की तो फसफसतो, उरलेला पोटातल्या आम्लात संपतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहील हे फुफ्फुसं आणि किडन्या बघतात. प्रथिनावर फॉस्फेट बसवतात ती पेशीच्या आतली काइनेज एन्झाइम्स, आणि ती ते एटीपीमधून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतून, घेतात. पिण्याच्या पाण्याचा तिथे काही संबंध नाही. उलट्यांनी आधीच शरीरातले क्षार वरखाली झालेले असताना रोज सोडा घेणं मात्र धोक्याचं आहे, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर जास्तच.

बरं, फॉस्फेटचा परिणामही उलटा सांगितलाय. ईजी५ हे माणसातलं मोटर प्रथिन विभाजनाच्या वेळी पेशीतले दोन ध्रुव एकमेकांपासून दूर ढकलतं. त्याच्या शेपटाकडच्या ९२७ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका अमिनो आम्लावर) सीडीके१ काइनेज फॉस्फेट बसवतं, आणि त्यामुळेच ईजी५ विभाजनाच्या तर्कूवर, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंच्या सांगाड्यावर, जाऊन बसतं. १९९५ साली ‘सेल’ नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात ही जागा फॉस्फेट बसणार नाही अशी बदलून पाहिली, तेव्हा ईजी५ जागेवर पोचलंच नाही. म्हणजे इथलं फॉस्फेट विभाजनाला लागतं! ते वाढवून कॅन्सर कसा थांबणार?

कॉम्प्युटरचा भाग अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करायला हवं. फॉस्फेटसोबत साधारण उणे दोन विद्युतभार येतो, त्याने प्रथिनाची शेजारची वळणं कशी सरकतात हे सिम्युलेशनमध्ये खरंच बघता येतं. रेणूंच्या अशा संगणकी प्रतिमानांसाठी कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण हिशेब फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यांच्या, पावलांनी चालतो. एका मोटरच्या काही मायक्रोसेकंदांच्या हालचालीलाही प्रचंड गणन लागतं, आणि पेशीचं विभाजन तर तासभर चालतं. त्यातून प्रयोगशाळेत काय तपासायचं ते कळतं, रुग्णाने काय प्यायचं ते नाही.

मावशीला सांगितलं, ठरलेल्या तारखेला जायचंच. तिच्या सलाईनमधून जाणारं पॅक्लिटॅक्सेल हे पेशीतल्या ज्या बारीक नळ्यांवरून, म्हणजे सूक्ष्मनलिकांवरून, ही मोटर चालते त्यांनाच जखडून ठेवतं. विभाजनाच्या याच यंत्रणेवर घाव घालणारं, रुग्णांवर तपासलेलं औषध तिला मिळतच आहे.

राहिला दाबून ठेवल्याचा आरोप. ईजी५ला रोखणारं मोनास्ट्रॉल हे रसायन १९९९ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. पुढे औषध कंपन्यांनीच ईजी५ला रोखणारं इस्पिनेसिब हे औषध रुग्णांवर तपासलं. एकट्या त्याने ट्यूमर फारसे आकसले नाहीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या, कारण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींनाही विभाजनासाठी हीच मोटर लागते. हे निकालही छापलेले आहेत, कोणालाही वाचता येतात.