खर्र्याचा भाव वाढला तेव्हा काहून कोणी बोललं नाही?

गॅस पन्नास रुपयांनी महागला की आमच्या मोहल्ल्यात चार दिवस तोच विषय. पण वीसचा खर्रा, म्हणजे चुन्यात घोटलेली सुपारी-तंबाखू, तीसचा झाला तेव्हा काहून कोणी तोंड उघडलं नाही बाप्पा? गुमान तीस द्यायला लागले सगळे.

हिशेब करा ना. दिवसाचे तीन खर्रे म्हणजे नव्वद रुपये, महिन्याचे 2,700, वर्षाचे 32 हजारांच्या वर. आणि तीन मी कमीच धरले, कारण पुडी उघडली की अर्धा माल दोस्तांच्या तळहातावर जातो. बारा-पंधरा हजारांच्या घरात 2,700 म्हणजे पोराची ट्यूशन आणि दुधाचं बिल. तरी महिनाअखेरी तंगी आली की विचारणा बायकोलाच, तेल इतक्या लवकर कसं काय संपलं म्हणून!

2012 ला राज्यात गुटखाबंदी झाली, सिगरेटच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत इशारा छापतात. इथं पाकीटच नाही! ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकतो, पाण्याचे दोन थेंब मारतो, खसाखसा घोटतो, रबर लावून हातात देतो, झालं. 2016-17 च्या सर्व्हेत महाराष्ट्रातले 26.6 टक्के मोठे लोक तंबाखूवाले निघाले, त्यातले बहुतेक खाणारेच, ओढणारे सगळ्या मोठ्या लोकांत मिळून फक्त 3.8 टक्के.

पुढे सुपारीनं तोंड आखडतं, घास जात नाही, तिखट लागतं. मग घरात रोज दोन भाज्या, एक बिनतिखटाची. सरकारी डेंटलला इलाज स्वस्त आहे हो, पण ऑटोचं भाडं आणि दोघांची बुडालेली रोजी कोण मोजतं?

सगळ्यात डोकं फिरतं ते उधारीनं. शनिवारी चुकारा झाला, म्हणजे मजुरी हातात आली, की पहिले पानठेल्याचे पैसे चुकते होतात कारण ते नाही दिले तर उद्याचा खर्रा बंद. किराणावाला थांबतो, दूधवाला थांबतो, शाळेची फी तर थांबतेच. म्हणून मला वाटतं, नुसतं सोडा-सोडा म्हणून काही होत नाही, पहिले ठेल्यावरचं खातं बंद करा, रोख देऊन खा म्हणा, खिशातून नोट निघाली की कळतं. आमच्या बचत गटातली एक ताई तर चुकाऱ्याच्या दिवशी कंपनीच्या गेटवरच जाऊन उभी राहते. नवरा चिडतो. चिडू दे ना, फी तर भरली जाते.