‘पेंग्विनचे पैसे खाल्ले’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी तुम्ही सहकुटुंब आमच्या बसने एक दिवसाच्या मुंबई दर्शनाला आलात आणि त्याच रात्री एक स्टार देऊन लिहिलंत. राणीबागेतले, म्हणजे भायखळ्याच्या प्राणीसंग्रहालयातले, पेंग्विन मुलांना बघायला मिळाले नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मागच्या सीटांवर एसी कमी लागत होता हे खरं आहे, त्याचीही माफी. साडेदहाला पोचवू म्हणालो होतो आणि वाकडला तुम्हाला उतरवायला पावणेबारा झाले. झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन एवढ्या रात्री घर गाठायचं म्हणजे त्रास होतोच.

पण ‘ट्रॅफिकचं खोटं कारण सांगून राणीबाग रद्द केली आणि पेंग्विनच्या तिकिटाचे पैसे खाल्ले’ हे तुमचं वाक्य गेले चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. घरचे म्हणाले, उत्तर देऊ नका, गिऱ्हाइकाशी वाद नको. वडिलांनीही आम्हाला तेच शिकवलं. पण ते वाचून जानेवारीच्या सहलीतल्या दोन कुटुंबांनी फोन करून नावं काढून घेतली. आमच्या दोनच गाड्या आहेत, दोन्हींचे हप्ते चालू आहेत. म्हणून लिहितोय.

ट्रॅफिकचं कारण खोटंच होतं, ताई. माइक हातात घेऊन मीच ते सांगितलं. का सांगितलं, ते आता लिहितो.

गेटवेला आपण साडेबाराला उतरलो. उतरताना मी दोनदा सांगितलं, व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं, की बरोबर दीड वाजता रीगल सिनेमाच्या चौकात भेटायचं आणि बोटीच्या फेरीला कोणी जाऊ नका, तेवढा वेळ नाही. गेटवेसमोर मोठ्या गाडीला थांबू देत नाहीत. माणसं उतरवायची, गाडी पुढे काढायची आणि ठरल्या वेळी पुन्हा आणायची, असंच करावं लागतं. दीडला सगळे आले. तुमचं कुटुंब आलं नाही. मी चार फोन केले. चौथा तुमच्या मिस्टरांनी उचलला आणि म्हणाले, ‘मुलांनी हट्ट केला, बोटीत आहोत, दहा मिनिटांत येतो.’ तुम्ही आलात तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती पन्नास मिनिटं बाकीची सत्तावीस माणसं फुटपाथवर उन्हात उभी होती. त्यांतल्या एका आजोबांना शुगर आहे, जेवण वेळेवर लागतं, त्यांना मी केळी आणून दिली. ड्रायव्हर काका गाडी घेऊन कुलाब्यात फेऱ्या मारत होते. तुम्ही त्यांना उद्धट म्हटलंय. ते म्हणाले ते एवढंच : ‘ताई, हा माझा चौथा राऊंड आहे, पोलिसांनी गाडीचा फोटो काढलाय.’ चौदा वर्षं ते आमच्याकडे आहेत. पहाटे साडेचारला उठून आलेला माणूस होता, आवाज चढला असेल तर त्यांच्या वतीने माफी मागतो. पण उद्धट हा शब्द त्यांना लागू होत नाही, एवढं मला म्हणू द्या.

जेवणाची जागा पावणेदोनसाठी सांगून ठेवली होती, तिथे पोचायला दोन पस्तीस झाले. आपली पंगत दुसऱ्यांना दिली गेली, पुन्हा वाट बघणं आलं. बाहेर पडायला पावणेचार. तिथून भायखळा, गाडी लावायची, रविवारची तिकिटाची रांग आणि मग पेंग्विनची वेगळी रांग. राणीबाग सहाला बंद होते, तिकीट खिडकी त्याच्याही आधी. आणि डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. गिरगाव चौपाटीवरचा सूर्यास्त बघायला म्हणून आलेली म्हातारी माणसं गाडीत होती, त्यांतल्या दोन आजींनी तर त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. राणीबाग किंवा चौपाटी, एकच जमणार होतं. मी चौपाटी निवडली. तो निर्णय माझा, त्याची जबाबदारीही माझी.

तुम्ही बसमध्ये चढलात तेव्हा मागून कोणीतरी बोललंच. तुमचा मोठा मुलगा मान खाली घालून जागेवर जाऊन बसला, ते मी पुढून पाहिलं. गाडीत अकरा मुलं होती. खालापूरच्या नाश्त्यापासून माझा पुतण्या त्यांना पेंग्विनचं सांगत होता. हे हंबोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ साली सोलहून मुंबईत आणलेले. मुलं बोटांवर तास मोजत होती. आता पेंग्विन नाहीत, आणि ते कोणामुळे नाहीत, हे त्या अकरा मुलांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर मी कसं सांगणार होतो? तुमच्या मुलाकडे बघून मी म्हणालो, ‘भायखळ्याच्या बाजूला फार ट्रॅफिक आहे, राणीबाग आज जमणार नाही, माफ करा.’ सगळ्यांनी मलाच बोल लावला, मी ऐकून घेतला. तुम्ही मात्र नकाशावर बघून ठेवलंत की रस्ता मोकळा होता आणि त्यावरून मला खोटारडा ठरवलंत. हे मला लागलं, ताई. पैशांपेक्षा जास्त लागलं.

पैशांचंही सांगतो. राणीबागेचं तिकीट आम्ही तिथल्या खिडकीवर काढतो, म्हणजे त्या दिवशी ते काढलंच नव्हतं. आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला तिथे १०० रुपये पडतात. सोमवारी दुपारच्या आत प्रत्येक कुटुंबाला ते परत पाठवले, तुमचेही यूपीआयवर गेलेत. तुमचा अभिप्राय रविवारी मध्यरात्रीचा आहे. एक दिवस थांबला असतात तर ‘खाल्ले’ हा शब्द लिहावा लागला नसता. वडिलांच्या वेळेपासून या धंद्यात आहोत, करोनात दोन्ही गाड्या दारात उभ्या होत्या तेव्हा आगाऊ आलेले सगळ्यांचे पैसे हप्त्याहप्त्याने का होईना पण परत केले. शंभर रुपयांसाठी कोणाच्या पोराचा हिरमोड करणारी माणसं आम्ही नाही.

‘माणशी १,४५० देण्यापेक्षा डेक्कन क्वीनने गेलो असतो,’ असंही तुम्ही लिहिलंय. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते, तिच्याशी आमची बरोबरीच नाही, आम्हीही तिच्यातूनच मुंबई बघायला गेलो होतो. पण ती पुण्याहून सव्वासातला निघून साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते आणि परतीची पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. म्हणजे चौपाटीचा सूर्यास्त नाही. शिवाय स्टेशनपासून पुढे सिद्धिविनायक, गेटवे सगळीकडे टॅक्सी. आमच्या १,४५० मध्ये नाश्ता, जेवण, डिझेल, एक्स्प्रेसवेचा टोल, मुलांना आवडतो म्हणून मुद्दाम सी लिंकवरून नेतो त्याचा वेगळा टोल, हे सगळं येतं. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना माफ झाला, आमच्या बसला नाही.

उशीर झाला तो घाटात. रविवारी रात्री पुण्याकडे येणारा घाट भरलेला असतो. बसला एक्स्प्रेसवेवर वेगाची मर्यादा आहे, घाटात ती आणखी कमी. वेळ भरून काढायला गाडी पळवा, असं मागून कोणी म्हणालं तरी काका पळवत नाहीत. यात बदल होणार नाही.

राणीबाग सकाळीच का घेत नाही, असं तुम्ही विचारलंय. वयस्कर मंडळी सिद्धिविनायकाचं दर्शन झाल्याशिवाय नीट जेवत नाहीत म्हणून देऊळ आधी ठेवलं होतं. पण तुमचं म्हणणं पटलं. पुढच्या वेळी बागेचं लवकर बसवता येतं का ते बघतोय. एसीवाल्यालाही बोलावलंय.

तुमच्या सीटखाली मुलीची गुलाबी पाण्याची बाटली राहिली होती, धुऊन ऑफिसात ठेवली आहे. ड्रायव्हर काका वाकडच्या बाजूलाच राहतात, तुम्ही फोन केलात तर येता-जाता घरी देतील. आणि मुलांना घेऊन पुन्हा यायचं झालं तर दोघांची सीट आमच्याकडून.

आपला,
सहल चालक, कोथरूड, पुणे